जुनी पिकअप घेताना हौद्याखाली वाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ज्यांच्या हातात चार पैसे होते त्यांनी नवी पिकअप बुक केली आणि त्यांच्या जुन्या गाड्या पुणे-नाशिक रस्त्याकडेच्या यार्डांत येऊन लागल्या. काचेवर खडूने मॉडेल लिहिलेलं, टायरला काळं पॉलिश, आरशाला लिंबू-मिरची. टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की आमच्या जुन्नर तालुक्यातली पोरं ह्याच गाड्यांभोवती फिरायला लागतात. नवीन गाडी नऊ-दहा लाखांच्या घरात आणि ही साडेचार-पाचात, म्हणजे निम्म्यात काम झालं, असा हिशेब. ह्या हिशेबाबद्दलच मला लिहायचं आहे, कारण त्याची उरलेली अर्धी बाजू माझ्या काउंटरवर येते.

आळेफाट्याला माझं पिकअपच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. शेजारी आमच्या घरच्यांचं गॅरेज. ते गाडीखाली, मी गल्ल्यावर. मला गाडी चालवता येते, इंजिन उघडता येत नाही. पण कुणाच्या गाडीला काय झालंय ते बिलबुकावरून बरोबर सांगते. जुनी गाडी घेतलेला माणूस पहिल्या दोन महिन्यांत काय काय न्यायला येतो, ते तर आता पाठच झालं आहे.

उदाहरण म्हणून एकच खातं उघडते. ओतूरकडचा एक मुलगा, घरची तीन एकर बागायत. २०१७ ची पिकअप ४ लाख ८० हजारांना घेतली. यार्डवाल्याने सांगितलेलं, ‘काही काम नाही, डिझेल टाका आन्‌ पळवा.’ पहिल्या आठवड्यात क्लच. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मिळून ७,४००, फ्लायव्हील लेथवर घासायचे ९००. मग मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे, सेंटर बोल्ट आणि बुश, ५,६००. मागच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याचे दोन क्रॉस १,७०० आणि मधलं बेअरिंग १,५००. बॅटरी ६,२००. मागचे दोन टायर रिमोल्ड (झिजलेल्यावर नवं रबर चढवलेले) निघाले, रबर सुटायला लागलं होतं, नवे दोन १५,६००. सकाळी गाडी चालू होईना म्हणून इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर उतरवून डिझेल पंपवाल्याकडे पाठवले, दुरुस्तीचे एकेकी साडेपाच हजार, म्हणजे २२,०००. मजुरी सगळी धरून ९,५००. एकूण ७०,४००, आणि इंजिन अजून उघडलेलंच नव्हतं. शेवटच्या खेपेला त्याची आई बरोबर आली होती. प्रत्येक पुडा हातात घेऊन विचारायची, ‘हे किती दिस टिकल?’ वॉरंटी कार्ड नसलेल्या मालाला मी काय सांगणार?

ह्यात त्या मुलाला फार मोठं फसवलं गेलं असंही मी म्हणणार नाही. आठ वर्षांच्या गाडीला क्लच, पाटे, क्रॉस, बॅटरी, टायर लागणारच. फसगत एवढीच की हे पैसे गाडीच्या किमतीतून वळते व्हायला हवे होते, ते त्याच्या खिशातून गेले. घेताना चार लाख दहाला सौदा झाला असता तर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं.

आता आमच्याकडची लोकं गाडी बघतात कशी? आधी मीटर. ‘फक्त सत्तर हजार चाललीय.’ मीटर मागे फिरवून देणारे आहेत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी नजर तिथेच जाते. पिकअपच्या बाबतीत खरं मीटर असलं तरी त्याला फार अर्थ नाही. ती किती चालली यापेक्षा काय घेऊन चालली ते विचारावं.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा. रिकाम्या क्रेटचं वजन धरून बावीस म्हणा. १.७ टनी पिकअपला १,७०० किलोची परवानगी, म्हणजे ७७ क्रेट. रस्त्यावर उभं राहून मोजा, १२० च्या खाली कुणी भरत नाही. म्हणजे २,६०० किलोच्या वर, दीडपट माल. पकडलं तर कायद्याने वीस हजार दंड आणि जादाच्या प्रत्येक टनाला वर दोन हजार, पण भाडं परवडत नाही म्हणून सगळेच भरतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, आमचं दुकान त्याच्यावरच चालतं. पण अशी पाच वर्षं ओढलेली साठ हजार किलोमीटरची गाडी आणि कापडाचे गठ्ठे वाहिलेली दीड लाखाची गाडी, दोन्ही समोर असतील तर आमच्या घरचे डोळे झाकून दुसरी घेतील.

गाडीने काय वाहिलं ते गाडीच सांगते, फक्त हौद्याखाली वाकायची तयारी पाहिजे. पाटे मोजा. एक पाटा बाकीच्यांपेक्षा नवा, पाटे आवळणारे यू-बोल्ट चकचकीत, म्हणजे मागाहून जादा पाटा चढवलेला. चासीला धक्का बसू नये म्हणून लावलेले रबरी स्टॉपर चेपून पापड झालेत का बघा. हौद्याच्या फाळक्यावर अँगल वेल्ड करून उंची वाढवली असेल तर ती हौसेने कुणी वाढवत नाही. केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी चासीवर ताजा काळा रंग दिसला तर तिथे नखाने खरवडा. खाली वेल्डिंगची रेघ निघाली तर पुढे बोलायचंच नाही, घरी जायचं. चासीला एकदा चीर गेली की ती परत जाते.

मासळीची गाडी असेल तर वेगळंच दुखणं. कोकणातून बर्फाचं खारं पाणी गळत गळत आलेलं असतं. वरून रंग झकास, खाली चासीचे पापुद्रे सुटतात आणि ब्रेकच्या नळ्या आतून सडतात. दुधाच्या गाडीचं वजन बेताचं, पण दर वाडीवर थांबा-निघा, म्हणून क्लच आणि स्टार्टर संपलेले. कोंबडीच्या गाडीचा पत्रा विष्ठेने खाल्लेला. खडी-वाळूच्या गाडीबद्दल मी लिहीतच नाही. गाडी कुठल्या धंद्यात होती हे यार्डवाला सांगणार नाही, पण आरसीवर मालकाचं गाव असतं आणि गावात फोन लावायला कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच.

जादा पाट्याची एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती जिवावर बेतणारी आहे आणि कुणी बोलत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या हौसिंगजवळ, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलजवळ, ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याची कांडी हौसिंगला जोडलेली. माल भरला की हौदा खाली बसतो, कांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त जोर सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. आता पाटा वाढवला की भरलेली गाडीसुद्धा हवी तेवढी खाली बसत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. मागे ब्रेक कमी, आणि माळशेज उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर. कल्याणहून परत आलेल्या अशा गाड्यांच्या पुढच्या डिस्क तापून निळ्या पडलेल्या मी दुकानातून बघते. ड्रायव्हर म्हणतो पॅड हलके दिले, आमच्या घरचे आधी ती कांडी बघतात. कधी ती तारेने बांधलेली असते, कधी असतच नाही. पाटा वाढवायचाच असेल तर निदान कांडीचं सेटिंग तरी जाणकाराकडून करून घ्या. पाटा न वाढवलेला सगळ्यात बरा.

इंजिनकडे येते. यार्डात गाडी बघायला गेलात की तुमच्या आधी ती कुणीतरी चालू करून ठेवलेली असते. बॉनेट गरम लागलं तर चहा प्या, दोन तास गावात फिरा, थंड झाल्यावर परत या. थंड इंजिन किती सेल्फ मारल्यावर लागतं आणि पहिल्या मिनिटाला धूर कसा टाकतं यात निम्मी परीक्षा होते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा नुसता चोंदलेला एअर फिल्टरही असू शकतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. मग गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. ते तडतडायला लागलं आणि तिथून धुराचे भपके आले तर पिस्टन-रिंगा झिजल्यात. काही यार्डांत विकण्याआधी जाड ऑइल आणि वर कसलासा डबा ओततात, त्याने आठ-पंधरा दिवस आवाज दबतो. डिपस्टिकवरचं ऑइल मधासारखं दाट वाटलं तर समजून घ्या.

रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा, गरम असताना उघडून तोंड भाजलेला माणूस मी पाहिला आहे. आत हिरवा किंवा लाल कूलंट असायला हवा. गंजाचं तांबडं पाणी दिसलं तर मालकाने वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलेलं आहे आणि वॉटर पंप, रेडिएटर दोन्ही तुमच्या डोक्यावर आहेत. तेलाचा तवंग दिसला तर हेड उतरवायची तयारी ठेवा. आणखी एक खोड, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिनाचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात. त्याने तापणं थांबल्यासारखं वाटतं, इंजिन मात्र कधी नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं. चारशे-पाचशेचा पार्ट वाचवून पाऊण लाखाचं काम काढायचं.

पाऊण लाख उगाच लिहिला नाही. आमच्याकडे सध्या रिंग-बेअरिंग आणि गॅस्केट सेटवर भागलं तर तीस-पस्तीस हजारांत इंजिन उभं राहतं. बोअर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, ऑइल पंप असं सगळं निघालं तर पंच्याहत्तर हजार ते लाख. टर्बोची आतली कोअर बदलायला सात-आठ हजार, नवा घेतला तर वीसच्या पुढे. हौसिंगमधलं क्राउन-पिनियन (गिअरची जोडी) ओरडत असेल तर सेटचे बारा-तेरा हजार. सेकंड गिअर उडत असेल तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कोणीच आकडा सांगू शकत नाही, सांगितला तर विश्वास ठेवू नका. पुण्यात किंवा कंपनीच्या वर्कशॉपला हेच आकडे वर जातील.

कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल देणाऱ्या गाडीच्या इंजेक्टरची तपासणी कुणालाही समोर उभं राहून बघता येते. परतीच्या चार नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचं. ज्या बाटलीत डिझेल भराभर चढतं तो इंजेक्टर गळका. मिस्त्री ह्याचे दोनशे-तीनशे घेईल. ओतूरच्या मुलाने हे केलं असतं तर बावीस हजार सौद्यातच निघाले असते.

२०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाड्या आता सेकंडहँड बाजारात यायला लागल्यात, त्यांचं दुखणं सायलेन्सरमध्ये. तिथे डीपीएफ नावाची जाळी असते, धुरातली काजळी अडवणारी. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. शेत ते बाजार, बाजार ते शेत एवढंच करणाऱ्या गाडीची जाळी चोंदते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा जोर पडतो. साफ करून भागलं तर सात-आठ हजार. नवीन टाकायची तर रक्कम ऐकून माणूस बसायला खुर्ची शोधतो. म्हणून काही जण जाळी फोडून काढतात आणि कॉम्प्युटरला गप्प बसवतात. हे बेकायदेशीर आहे, आणि अशी गाडी घेतलीत तर फिटनेसला उभे तुम्ही राहणार आहात. किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे एकदा लागून विझले पाहिजेत. जो लागतच नाही त्याची तार कुणीतरी कापलेली असू शकते.

पार्टांबद्दलही दोन शब्द, कारण हे माझ्याशिवाय कोण लिहिणार? एकाच क्लच प्लेटचे माझ्याकडे तीन भाव आहेत. कंपनीच्या खोक्यातली, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या खोक्यातली, आणि लोकल. लोकल निम्म्या किमतीत मिळते आणि माझी कमाई तिच्यातच जास्त. तरी सांगते, आरसा, मडफ्लॅप, दाराचं हँडल, लाइटची काच लोकल घ्या, काही होत नाही. बेअरिंग, ब्रेकचे पॅड-लायनर, क्रॉस, फिल्टर लोकल घेऊ नका. मधला प्रकार बहुतेक वेळा पुरतो. खोक्यावरचं होलोग्रामचं स्टिकर बघितल्याशिवाय कंपनीचा भाव मोजू नका, मग दुकान माझं असो नाहीतर कुणाचं.

कागदांचं थोडक्यात. गाडीचा नंबर सरकारी ॲपवर टाकला की विमा, फिटनेस, पीयूसी आणि बोजा (गाडीवरचं कर्ज) दिसतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तेव्हा ती तारीख बघूनच किंमत करा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलान थकलेलं असेल तर ते विकणाऱ्याने भरावं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन वर्ष-वर्ष गाडी फिरवणारे आहेत, तो प्रकार दोघांच्याही अंगाशी येतो.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घेणं बंधनकारक झालं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तसं ऑनलाइन कळवायचं, विकेपर्यंत जबाबदारी व्यापाऱ्याची. ती गाडी चाचणी, दुरुस्ती असल्या कामाखेरीज रस्त्यावर आणायची नाही, आणि आणली तर नोंद ठेवायची. नियम चांगला आहे. आमच्या रस्त्यावरच्या यार्डांत असं अधिकारपत्र भिंतीवर लावलेलं मला तरी दिसलं नाही. विचारलं तर म्हणतात, ‘आम्ही एजंट, गाडी पार्टीची.’ पैसे मोजताना यार्डवाला असतो, इंजिन बसल्यावर पार्टी शोधायला सांगतात. आरटीओच्या भरारी पथकाला घाटात गाड्या अडवायला वेळ मिळतो, तसा अर्धा दिवस ह्या यार्डांना द्यावा. प्रत्येक यार्डात अधिकारपत्र दर्शनी लावायला लावावं आणि विक्रीच्या पावतीवर इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग, चासी आणि ब्रेक या पाच गोष्टींची सध्याची अवस्था लिहून सही घ्यावी. ‘जशी आहे तशी’ लिहिलं तरी चालेल, पण लिहिलेलं तर असू दे.

आणि दुसरी विनंती तालुक्यातल्या पतसंस्थांच्या संचालकांना. जुन्या पिकअपला कर्ज देताना तुम्ही आरसी, विमा, जामीनदार आणि मूल्यांकनाचा कागद बघता. मूल्यांकन करणारा गाडीचे चार बाजूंनी फोटो काढतो आणि जातो, हौद्याखाली वाकत नाही. गाडी पहिल्याच हंगामात गॅरेजला लागली की हप्ता थकतो, मग तुमचा वसुलीवाला आमच्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहतो आणि बोनेट उघडलेल्या गाडीकडे बघत बसतो. त्यापेक्षा कर्जाच्या अर्जाला कुठल्याही एका मिस्त्रीचा लेखी तपासणी कागद जोडायला लावा. फी पाचशे ते हजार रुपये. कर्जदाराला आवडेल तो मिस्त्री, यार्डवाल्याचा मात्र नको. त्यात निघालेल्या कामाची रक्कम कर्जातून वेगळी राखून ठेवा आणि ती यार्डवाल्याला न देता बिलं आणल्यावर कर्जदारालाच सोडा. जो यार्डवाला बाहेरच्या मिस्त्रीला गाडीखाली शिरू देत नाही, त्याच्या गाडीला कर्ज देऊच नका. आमच्याकडे तपासणीला बुधवारी गर्दी कमी असते, सकाळी या, आणि गाडी थंड आणा.

आपली,
स्पेअर पार्ट दुकानदार, आळेफाटा, ता. जुन्नर
(नाव छापू नये ही विनंती. ही सगळी यार्डं माझी गिऱ्हाइकं आहेत.)